कांदिवलीचा दोनशे पंच्याहत्तर

मुंबईत काय काय तयार व्हायचं, असं कोणालाही विचारा. कापड पहिलं येईल, मग सिनेमे, औषधं, फार तर जीप आणि मोटारी. ट्रॅक्टर कोणाच्याच यादीत येत नाही. शेत जिथे औषधालाही उरलं नाही तिथे नांगरटीचं यंत्र कशाला बनेल, असा साधा हिशोब असतो. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात 'दोनशे पंच्याहत्तर' म्हटलं की पुढे 'ट्रॅक्टर' म्हणावं लागत नाही, आणि त्या आकड्याचा भारतातला जन्म कांदिवली पूर्वेला, आकुर्ली रोडवरच्या कारखान्यात झाला. मी भाईंदरला राहते. चर्चगेटची लोकल पकडली की मीरा रोड, दहिसर, बोरिवली आणि मग कांदिवली. चौथं स्टेशन.

आमच्या सोसायटीत उपनगरांतल्या कारखान्यांमधून निवृत्त झालेले बरेच लोक आहेत. पश्चिम उपनगरांतले कारखाने भरात होते तेव्हा त्यांतल्या कामगारांना परवडेल असं घर वसईच्या खाडीच्या अलीकडे इथेच मिळायचं. त्यांतल्या एका काकांची उमेदीची सगळी वर्षं ट्रॅक्टरच्या असेंब्लीवर गेली. मला जुन्या यंत्रांचा नाद आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या विंटेज गाड्यांच्या रॅलीत आमचा ट्रॅक्टर असतो का गं?" मी हॉर्निमन सर्कलहून निघणारी रॅली पाहिलेली होती. रोल्स-रॉइस, ब्युइक, ऑस्टिन, जुन्या बुलेट आणि लँब्रेटा. ट्रॅक्टर पाहिल्याचं आठवत नव्हतं. तो का नसावा, या प्रश्नाचा मी गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी पाठलाग करते आहे. मी इंजिनिअर असले तरी सॉफ्टवेअरमधली, त्यामुळे हाताला ग्रीस लागायची सवय नव्हती. ती आता झाली.

बाहेरच्या जगात हा छंद चांगला रुळलेला आहे. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत जुने ट्रॅक्टर जमवणारे, ते सुटे करून पुन्हा जोडणारे आणि उन्हाळ्यातल्या जत्रांमध्ये मांडणारे हजारो लोक आहेत. इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यात १९६९ साली सुरू झालेली वाफेच्या इंजिनांची जत्रा पुढे कित्येक दशकं भरत राहिली, आणि तिथे ट्रॅक्टरही शेतात उतरून खरोखर नांगरून दाखवत. या मंडळींचं लाडकं यंत्र म्हणजे फर्ग्युसन टीई-२०. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून ते पाच लाखांहून जास्त बाहेर पडले. हॅरी फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने ओढण्याऐवजी तीन ठिकाणी जोडला आणि हायड्रॉलिकने वर-खाली केला. आज आपल्या गावात रोटाव्हेटर ज्या तीन सांध्यांवर अडकवतात ती हीच पद्धत. या छोट्या ट्रॅक्टरवर बसून एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला. एवरेस्टइतकी ती गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही.

या छंदात दोन पंथ आहेत. एकाला ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला त्या दिवशी होता तसा हवा असतो. रंगाची छटा, स्टिकरची जागा, बोल्टच्या डोक्यावरचा शिक्कासुद्धा. दुसऱ्याला गंज, पोचे, उडालेला रंग सगळं तसंच हवं असतं, फक्त इंजिन नीट चालायला हवं. दोघांची भांडणं रंगतात, पण दोघांनाही एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे कागद. अमुक अनुक्रमांकाचा ट्रॅक्टर अमुक वर्षीचा, त्याला मुळात अमुक प्रकारचा डिझेल पंप होता, हे सांगणारे कागद. मॅककॉर्मिक आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीचं दप्तर विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेकडे आहे. इंग्लंडात रेडिंगला ग्रामीण जीवनाचं संग्रहालय १९५१ साली उभं राहिलं, तिथे फाउलर आणि रॅन्सम्स या जुन्या शेतीयंत्र कंपन्यांची कागदपत्रं जपली आहेत. म्हणजे तिकडे ट्रॅक्टर जपणं हे अर्धं लोखंडाचं आणि अर्धं दप्तराचं काम आहे.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळी का झाली ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

महाराष्ट्रात लोखंड शेतात शिरलं तेच भांडून. बेळगावात सायकलींच्या धंद्यापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपायलाच दोनेक वर्षं लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसली. त्या भागात लोखंडी नांगर इतका रुळला की पुढच्या पिढ्यांना तो परका होता हे सांगूनही खरं वाटेना. नवं यंत्र आलं की आधी संशय, मग हिशोब, मग सवय, आणि सवय झाली की ते मोडेपर्यंत वापरणं. ट्रॅक्टरच्या बाबतीतही नेमकं हेच झालं.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात ट्रॅक्टर बनत नव्हते. जे होते ते आयात केलेले, मोठ्या बागायतदारांचे, साखर कंपन्यांच्या मळ्यांवरचे किंवा सरकारी. १९४७ मध्ये केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली. तिच्या हातात सुरुवातीला अमेरिकन सैन्याने दुसऱ्या महायुद्धानंतर मागे टाकलेली यंत्रं होती. मध्य भारतात लाखो एकर जमीन कास नावाच्या खोल मुळांच्या गवताने गिळली होती, बैलांच्या नांगराला ते उपटत नव्हतं. त्यासाठी लागणाऱ्या अवजड ट्रॅक्टरांकरता जागतिक बँकेने १९४९ साली भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. आधीचं कर्ज रेल्वेसाठी होतं आणि त्यानंतरचं हे दुसरं. नव्या देशाने बाहेरून उसने पैसे आणले ते आधी रेल्वेसाठी आणि लगेच नांगरटीसाठी.

पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरच्या कारखान्यातून बाहेर पडला. १९६१-६२ या वर्षात सगळ्या देशात मिळून ८८० ट्रॅक्टर तयार झाले. १९६३ मध्ये महिंद्र अँड महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर कांदिवलीतून बी-२७५ बाहेर पडू लागला.

मुळात हा बी-२७५ ब्रिटिश. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडातल्या कारखान्यात तो १९५८ पासून बनत होता. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, क्षमता १४४ घन इंच, म्हणजे साधारण २३६० सीसी. पस्तीस हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, आठ गिअर पुढचे आणि दोन मागचे. आजच्या मानाने छोटा, पण त्या काळी दहा-पंधरा एकरवाल्याला पुरून उरणारा. १९६१ साली महाराष्ट्रात शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला होता. ज्यांच्या जमिनी मोठ्या होत्या त्यांच्याही त्या लहान होणार होत्या, आणि वाटण्यांनी आणखी लहान होत जाणार होत्या. अशा राज्यात हजार एकरांच्या प्रेअरीसाठी घडवलेला अजस्र ट्रॅक्टर काय कामाचा? इंग्लंडातल्या मध्यम शेतकऱ्यासाठी बेतलेलं माप सांगली-सातारच्या शेतकऱ्यालाही बसलं.

त्या काळात ट्रॅक्टर घेणं म्हणजे पैसे देऊन आणणं नव्हतं. मागणी जास्त, माल कमी. १९६७ मध्ये किमतींवर सरकारी नियंत्रण आलं, १९७१ मध्ये वाटप आणि विक्रीवर आदेश निघाला. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. रशियाचे बेलारूस, चेकोस्लोव्हाकियाचे झेटॉर, पूर्व जर्मनीचे आरएस-०९ असे पूर्व युरोपातले ट्रॅक्टर आयात होत होते. ते शेतकऱ्यांपर्यंत पोचवायला राज्याराज्यांत कृषी उद्योग महामंडळं होती, महाराष्ट्राचं १९६५ मध्ये स्थापन झालं. १९७४ साली किर्लोस्करांनीही नाशिकला जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीशी करार करून ट्रॅक्टर काढले. या डॉइट्झ घराण्याची ओळख म्हणजे हवेने थंड होणारं इंजिन, पाण्याच्या रेडिएटरची भानगडच नाही. तो प्रयोग फार काळ टिकला नाही. ज्या घराने महाराष्ट्राला लोखंडी नांगर दिला त्या घराचा ट्रॅक्टर मात्र रुजला नाही. आज कोणाच्या गोठ्यात किर्लोस्कर ट्रॅक्टर उभा असेल तर तो जपून ठेवावा, इतकंच मी म्हणेन.

कांदिवलीच्या वंशाचं नशीब उलटं निघालं. १९७७ मध्ये ती संयुक्त कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. तिकडे शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर १९८४-८५ मध्ये तुकड्यांत विकली गेली आणि तिचा शेतीयंत्रांचा विभाग टेनेको-केसकडे गेला. तिचा इंग्लंडातला डॉनकास्टरचा कारखाना हात बदलत बदलत २००७ मध्ये बंद पडला. आई-बाप गेले आणि कांदिवलीला दत्तक दिलेलं पोर वाढत राहिलं. २०२४ मध्ये महिंद्रने चाळीस लाखावा ट्रॅक्टर काढला. आणि २७५ हा आकडा अजून कॅटलॉगमध्ये आहे. मागे 'डीआय' लागलं. जुन्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटायचं, नव्यात ते थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, म्हणून ते डायरेक्ट इंजेक्शन. पुढे हेड बदललं, बॉनेट बदललं, स्टीअरिंग बदललं, पण आकडा तोच राहिला. माझ्या धंद्यात अशा प्रोग्रॅमला लेगसी म्हणतात. तीस वर्षांपूर्वी कोणी लिहिला ते माहीत नसतं, रोज थोडा बदलला जातो, आणि बँक त्याच्यावर चालते. त्याची पहिली आवृत्ती कशी होती हे कोणी विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

आता मूळ प्रश्नाकडे. हा ट्रॅक्टर रॅलीत का नसतो?

मोटार विंटेज होते ती आधी निकामी झाल्यामुळे. मालक नवी घेतो, जुनी गॅरेजात जाते, तिच्यावर धूळ बसते, मग कोणा हौशीच्या नजरेत ती भरते. वापर संपणं आणि जपणूक सुरू होणं यांच्यामध्ये एक रिकामा काळ लागतो, आणि तो काळ उभं राहायला छप्पर लागतं. इंग्लंडातल्या शेतांवर कोठारं होती, ट्रॅक्टर वीस-वीस वर्षं कोपऱ्यात पडून राहिले आणि त्यामुळेच वाचले. आपल्याकडे ट्रॅक्टर वापरातून सुटतच नाही. नांगरटीला नवा आला की जुना उसाच्या ट्रॉल्या ओढतो. ओढणं जमेना तर पाण्याचा टँकर. तेही होईना तर पट्टा लावून मळणी. शेवटी इंजिन सुटं करून दुसऱ्या ट्रॅक्टरला, आणि सांगाडा भंगारात, किलोवर. वापर आणि भंगार यांच्यामध्ये आपल्याकडे तिसरी जागाच नाही. तिकडे जपण्याची सुरुवात जिथून झाली तो पडीक काळ इथल्या गरिबीने आणि इथल्या मिस्त्र्यांच्या हुशारीने, दोघांनी मिळून नाहीसा केला.

हे मला कळलं ते पलूस तालुक्यातल्या एका गावात. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं ते माहेर, किर्लोस्करवाडीपासून फार लांब नाही. तिच्या आजोबांनी नंबर लावून घेतलेला बी-२७५ तिथे अजून उभा आहे. नुसता उभा नाही, चालू आहे. रोज संध्याकाळी वीसेक मिनिटं त्याच्या पुलीला पट्टा लावून कडबाकुट्टी चालवतात. किर्लोस्करांचं पहिलं शेतीयंत्र कडबा कापायचं होतं, आणि या ट्रॅक्टरच्या वाट्यालाही शेवटचं काम तेच आलं.

तो जपायचा असं आम्ही दोघींनी ठरवलं तेव्हा तिचे वडील म्हणाले, "चालतंय की. जपायचं म्हणजे आनि काय करायचं?" बरोबरच होतं. त्यांच्या दृष्टीने ट्रॅक्टर जपणं म्हणजे तेल बदलणं, आणि ते त्यांनी पन्नास वर्षं केलं होतं.

आम्ही आधी नुसती नोंद करायला घेतली. मी प्रत्येक भागाचा फोटो काढायचा, एक्सेलमध्ये ओळ टाकायची: मूळचा, नंतरचा, की स्थानिक. गावातले मिस्त्री शेजारी बसून सांगायचे. डिझेल पंप दुसऱ्या वर्षीच्या मॉडेलचा. सायलेन्सर ट्रकचा कापून बसवलेला. सीट तिसरी. पुढच्या अ‍ॅक्सलला तडा गेला होता तिथे आतून पट्टी देऊन वेल्डिंग, ते मिस्त्र्यांच्या वडिलांनी केलेलं. मडगार्डवर हत्यारांची एक पेटी पत्रा वाकवून बसवली होती, ती मैत्रिणीच्या धाकट्या काकांनी, वयाच्या अठराव्या वर्षी. ते काका आता नाहीत. बॉनेटवरचा रंग ब्लेडने थोडा खरवडला तर खाली तीन वेगवेगळे लाल. दोनशेच्या वर ओळी झाल्या, आणि त्यांत 'मूळचा' या रकान्यात निम्म्याही भरल्या नाहीत.

इथे पहिल्या पंथाचा हौशी काय करेल? पेटी काढेल, ट्रकचा सायलेन्सर काढेल, वेल्डिंग घासून अ‍ॅक्सलच बदलेल आणि मूळचा लाल रंग शोधून आणेल. ट्रॅक्टर सुंदर दिसेल आणि त्याच्या अंगावरचा पलूस तालुका संपूर्ण पुसला जाईल. कारखान्यातून निघाला तसा ट्रॅक्टर या गावात फार तर पहिला हंगाम टिकला असेल. त्यानंतर जे घडलं, टंचाईत न मिळालेले पार्ट, बदल्यात शोधलेल्या युक्त्या, एका मुलाने केलेली पेटी, तोच याचा इतिहास आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत यंत्रविद्या कशी मुरली याचा दुसरा पुरावा मला माहीत नाही. कुठल्या वर्षी काय नादुरुस्त झालं आणि काय लावून चालवलं हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं, ते लोखंडावरच असतं. आम्ही पेटी ठेवली. वेल्डिंग ठेवलं. इंजिनच्या रिंगा आणि हेड गॅस्केट बदललं, नोझल कॅलिब्रेट करून आणली, आणि रंगाला हातही लावला नाही.

मिस्त्र्यांना मात्र हे पटलं नाही. "ताई, एवढं केलं तर रंग मारायला काय जातंय? लोक बघतील तर नवा दिसायला नको?" त्यांच्या कामाचा अभिमान चकचकीत रंगात आहे, आणि माझ्या म्हणण्यात शहरी माणसाला जुनाटपणाचं जे कौतुक असतं ते आहेच. या वादाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्यांच्या वडिलांचं वेल्डिंग आत आहे, ते दिसावं म्हणून तिथला पत्रा उघडा ठेवू या, असं म्हटल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग स्वतःच ब्रशने ती जागा साफ करून दिली.

खरी अडचण कागदाची आहे. शेतीचा ट्रॅक्टर वाहतुकीच्या वाहनांत मोडत नाही. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२३ मध्ये दहा वर्षांनी ट्रॅक्टर सक्तीने भंगारात काढणार अशी अफवा उठली तेव्हा केंद्रीय मंत्रालयाला हा खुलासा करावा लागला होता. म्हणजे कायदा जुन्या ट्रॅक्टरला मारत नाही. पण त्याला मानही देत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनं, मूळ स्वरूपातलं वाहन, नोंदणीला वीस हजार रुपये, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं, आणि प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची मुभा. चांगला नियम आहे. फक्त व्याख्येत वाहनांचे वर्ग दिले आहेत ते दुचाकींचे आणि प्रवासी मोटारींचे. शेतीचा ट्रॅक्टर त्यात बसत नाही. एखाद्या उद्योगपतीच्या आजोबांची ब्युइक या देशात वारसा ठरू शकते, शेतकऱ्याच्या आजोबांचा ट्रॅक्टर ठरू शकत नाही. हे कोणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टर आलाच नसेल, आणि तेच जास्त बोचतं.

आणि व्याख्येत घातला तरी 'मूळ स्वरूपातलं' ही अट आहेच. ट्रकचा सायलेन्सर आणि घरगुती पेटी असलेला बी-२७५ मूळ स्वरूपातला आहे का? त्या अटीने मोजलं तर गावोगावचा एकही पास होणार नाही. जो राबलाच नाही तो पास होईल. ट्रॅक्टरसाठी नियम करायचा तर मूळ चासी आणि इंजिन नंबर जुळणं पुरे मानावं, आणि पुढच्या दुरुस्त्यांची नोंद हाच त्याचा दाखला धरावा.

दुसरी अडचण वाटणीची. या ट्रॅक्टरच्या सातबाऱ्यावर, म्हणजे शब्दशः नव्हे पण घरच्या हिशोबात, चार भावांची नावं आहेत. दोघांना तो विकायचा आहे. दीड टनाहून जास्त लोखंड आहे, भंगारवाला रोख देतो, आणि चौथ्या हिश्शाची रक्कम मुलाच्या फीच्या एका हप्त्याला पुरते. यात चूक कोणाची? आम्ही भावना सांगतो, ते पावती दाखवतात. आत्ता असं ठरलंय की कडबाकुट्टीचं काम आहे तोवर तो राहील. म्हणजे त्याला अजूनही वापरच वाचवतो आहे. ज्या दिवशी कुट्टीला विजेची मोटर बसेल त्या दिवशी हा प्रश्न पुन्हा उठेल.

जुना ट्रॅक्टर मांडायची आपली रीत नाही असं मात्र नाही. खंडेनवमीला आणि दसऱ्याला तो धुऊन निघतो, रेडिएटरवर हळद-कुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. काही गावांत पोळ्याला, आमच्या त्या बाजूला बेंदराला, बैलांच्या मागे ट्रॅक्टरही मिरवतो. डॉर्सेटच्या जत्रेत पाटीवर वर्ष आणि मॉडेल लिहिलेलं असतं, इथे नसतं, एवढाच फरक. मांडणी आहे, प्रेक्षक आहेत, मानही आहे. पाटी तेवढी नाही.

ती पाटी लिहिण्याचं काम कोणाही वाचकाला करता येईल. गावी जुना ट्रॅक्टर असेल तर चासी नंबर आणि इंजिन नंबर ठोकलेली जागा कापडाने पुसा आणि फोटो काढा. आरसी बुक आणि घेतल्याची पावती असेल तर तिचाही. कर्ज काढून घेतला असेल तर सोसायटीचं किंवा बँकेचं पत्र. मग मिस्त्र्यांना बोलवा, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारा आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून विचारा की हे कोणी बसवलं, कधी, आणि मूळचं काय होतं. एक तास लागतो. वर्ष नक्की आठवत नसेल तर 'दुष्काळाच्या आधी की नंतर', 'थोरलीच्या लग्नाच्या वेळी होता का' असं विचारलं की सापडतं. ट्रॅक्टर उद्या विकला गेला तरी हे उरेल.

भाईंदरच्या काकांना मी पलूसच्या ट्रॅक्टरचे फोटो दाखवले. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि प्लेटवरचा नंबर मोठ्याने वाचला. मग म्हणाले, "सायलेन्सर आमचा नाही." त्यांचीही एक ओळ मी त्या यादीत टाकली आहे.